मोरचूद, चुना आणि बोर्डो

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात 'बोर्डो' हे फ्रान्समधल्या गावाचं नाव आहे हे फार थोड्यांना आठवतं. तिथे बोर्डो म्हणजे बुरशीवरचा फवारा. "पाऊस उघडला, बोर्डो मारून घे," एवढं वाक्य बांधावरून ऐकू आलं की पुढचं सगळं माहीत असतं. निळसर पांढरं पाणी, पानांवर सुकल्यावर उमटणारे ठिपके, आणि हाताला दोन दिवस राहणारा तांब्याचा वास. ज्या गावाचं नाव आपण असं रोज घेतो, त्या गावाला जायचं तर याच निळ्या पाण्याच्या वाटेनं जावं. वाइनचे पेले आणि राजवाड्यांसारखे बंगले दिसतीलच, पण आधी माती, दगड आणि पाणी कळलं तर पेल्यातलं जास्त कळतं.

बोर्डोच्या एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागतं. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात रात्रभर फडक्यात बांधून टांगलेलं बरं. तळाशी टाकलं तर विरघळायला वेळ लागतो. चुना वेगळ्या पिंपात फोडायचा, निवू द्यायचा, गाळायचा. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. पिंपं प्लास्टिकची हवीत, कारण लोखंडाला मोरचूद खातं. तयार द्रावणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे. चुन्याची निवळी अजून घालायची, नाहीतर पानं करपतात. चुना गरम असतानाच मिसळला किंवा दाट द्रावणं एकमेकांत ओतली तर कण जाड होतात आणि पानाला धरत नाहीत. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. दुसऱ्या दिवशी रंग तोच दिसतो, चिकटपणा मात्र गेलेला असतो.

फ्रेंचमध्ये याला 'बुयी बोर्दलेज' म्हणतात. बुयी म्हणजे पेज. बोर्डोची पेज! ही पेज जिथे सापडली ते ठिकाण आजही पाहता येतं. बोर्डो शहराच्या उत्तरेला जिरोंद खाडीच्या काठाकाठानं मेदोक नावाचा पट्टा आहे, त्यात सँ-ज्युलियाँ हे छोटं गाव. रस्त्याकडेच्या वेलींचे घड येणारे-जाणारे तोडून नेत, म्हणून बागवाले कडेच्या ओळींवर तांब्याचं आणि चुन्याचं पाणी शिंपडत. घड विषारी दिसावेत एवढाच हेतू. १८८२ च्या शरदात बोर्डो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे तिथून जात असताना त्यांना दिसलं की बागेतल्या वेलींची पानं केवडा या बुरशीच्या रोगानं गळून गेली आहेत आणि रस्त्याकडेच्या निळ्या वेलींवर ती शाबूत आहेत. रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्याबरोबर त्यांनी प्रमाणं बसवली, आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. बुरशीवर जगभर चाललेल्या पहिल्या औषधांपैकी हे एक. तो रस्ता आजही वेलींना अगदी लागून जातो. कडेची ओळ हाताला येते.

केवडा तिथे आला कसा, हेही आपल्या बागायतदाराला जवळचं वाटेल. १८६० च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड करायला सुरुवात केली. उपाय निघाला तो कलमाचा: खाली अमेरिकी खुंट, वर फ्रेंच डोळा. पण अमेरिकेहून येणाऱ्या रोपांबरोबर केवडाही आला आणि १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये दिसला. एका रोगाच्या उपायातून दुसरा रोग, आणि दुसऱ्याचा उपाय चोरांना भिववण्याच्या पाण्यातून. मिलार्दे यांनी खुंटांवरही काम केलं. मेदोकमध्ये आज भरपूर लावल्या जाणाऱ्या १०१-१४ या खुंटाच्या नावापुढे त्यांच्या नावाची खूण आहे. आपल्याकडे डॉगरिज आणि ११० आर हे खुंट लावतात, तेव्हा त्याच कथेचा पुढचा भाग लिहिला जात असतो.

आता जमीन. दक्षिणेकडून गारोन आणि पूर्वेकडून दोर्दोन्य या नद्या येतात, बोर्डोच्या खाली एकत्र होतात आणि तिथून समुद्रापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर जिरोंद ही खाडी जाते. डावा काठ आणि उजवा काठ हे शब्द तिथे सतत ऐकू येतात. समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं आणि डावं-उजवं ठरवायचं. डाव्या काठावर, म्हणजे मेदोकमध्ये, नदीनं आणून टाकलेले गोटे आणि खडी. पाणी झटकन निचरून जातं, दिवसा दगड तापतो आणि रात्री ती ऊब घडाला देतो. उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला नेमकं हेच हवं. उजव्या काठावर सँतेमिलियाँ आणि पोमरोल, तिथे चिकणमाती आणि चुनखडी. जमीन थंड, ओल धरणारी, म्हणून लवकर पिकणारा मेर्लो. वाइन चाखताना काबेर्नेचा तुरटपणा हिरड्यांना धरतो, मेर्लो जिभेवर गोल बसतो. हा फरक पेल्यात शोधण्यापूर्वी बुटाखाली अनुभवावा. मेदोकमध्ये पावलागणिक खडी वाजते, सँतेमिलियाँत पावसानंतर चिखल तळव्याला धरून वर येतो.

मेदोकमध्ये म्हणतात, चांगल्या वेलीला नदी दिसते. नदीकडे उतरणारे खडीचे उंचवटे पाणी धरत नाहीत, आणि खाडीचं पाणी वसंतातल्या पहाटेचा कडाका कमी करतं. २०१७ च्या एप्रिलअखेर पडलेल्या दहिवरानं प्रदेशभर कोवळे फुटवे काळे केले, तेव्हा खाडीलगतच्या बागा पुष्कळशा वाचल्या. उंचवट्यांमधली दलदल मात्र माणसानं आटवली: सतराव्या शतकात डच कारागीर आले, चर खोदले, पाणी खाडीत सोडलं. आजच्या कित्येक नामांकित बागांभोवती ते चर अजून वाहतात. नजर बंगल्यावर न ठेवता बांधाच्या टोकाला ठेवली तर दिसतात.

आपल्या बागायतदाराला तिथली बाग बुटकी आणि दाट वाटेल. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी नऊशे-हजार वेली, वर मांडव किंवा वाय आकाराचा आधार. मेदोकमध्ये एक मीटर बाय एक मीटर, हेक्टरी दहा हजारांपर्यंत, आणि घड गुडघ्याच्या उंचीला, तापलेल्या दगडांजवळ. ओळीवरून चालणारे उंच पायांचे ट्रॅक्टर त्यासाठीच असतात. छाटणी एकदाच, डिसेंबर ते मार्च, कारण थंडीत वेल खरोखर झोपते. खरड छाटणी आणि गोडी छाटणी असा आपला दुहेरी हिशोब तिथे लागत नाही. दर वेलीवर दोन्ही बाजूंना एकेक काडी वाकवून बांधतात, ही मेदोकची रीत. ठिबक जवळजवळ दिसतच नाही; प्रदेशाचं नाव नियमानं लावता येणाऱ्या वाइनसाठी लागत्या बागेला पाणी देणं साधारणपणे मना आहे. मुळांनी खाली जावं, हा त्यामागचा विचार. सेंद्रिय बागेतही बोर्डो चालतो, पण युरोपीय नियमानं सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्यापुढे जाता येत नाही. तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं. आपल्याकडे दर पावसाळ्यात हात सैल सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून बोर्डोला सर्वांत वेगवान गाडी दोन तासांच्या थोडी वर घेते. तिथून मेदोकला लोकल गाडी आहे, मार्गो आणि पोइयाकला थांबते, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात. परतीची गाडी आधी पाहून मग बागेची वेळ ठरवायची. उलटं केलं की संध्याकाळी पोइयाकच्या फलाटावर बसायची वेळ येते. मोटार घेणार असाल तर चालवणाऱ्यानं चाखून थुंकायचंच. थुंकायची भांडी प्रत्येक ठिकाणी असतात, आणि जाणकार ती वापरतात, त्यात कसलाही अपमान नाही. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम ही तिथली कायद्याची मर्यादा आहे, आणि चार बागांत चार-चार घोट गिळले की ती ओलांडते.

भेट आधी कळवूनच मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी असते, सगळ्यांचे हात गुंतलेले; ऑगस्टात पुष्कळजण सुट्टीवर. मे, जून आणि ऑक्टोबरचा शेवट हा काळ चांगला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून बोर्डोच्या दलालांनी मेदोकच्या बागांची पाच पायऱ्यांत प्रतवारी केली, ती आजही चालते. त्यांनी चवीची परीक्षा घेतली नव्हती. वर्षानुवर्षांचे बाजारभाव पाहिले. पहिल्या पायरीत तेव्हा चार नावं होती, पाचवं म्हणजे मूताँ-रॉथ्शिल्ड १९७३ मध्ये वर गेलं. या पाचांच्या दारात सामान्य पर्यटकाला बहुधा फाटकच पाहावं लागतं. त्यासाठी दिवस घालवू नये. खालच्या पायऱ्यांवरची किंवा प्रतवारीबाहेरची बाग निवडावी, जिथे पंधरा ते तीस युरोंत दीड तास माणूस स्वतः फिरवतो आणि प्रश्नांना उत्तरं देतो. खुंट कोणता, छाटणी कशी, तांबं किती, एवढे तीन प्रश्न विचारले की बोलण्याचा सूरच बदलतो. समोरचा शेतकरी आहे हे त्याला कळतं.

सँतेमिलियाँला बोर्डोहून गाडीनं पस्तीसेक मिनिटं. स्थानक गावापासून दीड-दोन किलोमीटर, मधली वाट वेलींतून जाते, चालतच जावं. गाव आणि भोवतालची बागायत १९९९ पासून जागतिक वारसा आहे. पण सँतेमिलियाँचं खरं गाव जमिनीखाली आहे. हा डोंगर म्हणजे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ, ताऱ्यामाशांच्या अवशेषांनी भरलेली चुनखडी. मध्ययुगापासून लोक ती कापत आले. बोर्डो शहराच्या मधाळ रंगाच्या इमारतींत हाच दगड आहे, नदीतून होडीनं गेलेला. कापून झालेल्या पोकळ्या उरल्या त्या आज वाइनची तळघरं आहेत. वर्षभर बारा-तेरा अंश थंडावा, भिंतींना ओल. सोबत स्वेटर हवाच, बाहेर जुलै असला तरी.

याच दगडात आठव्या शतकात एमिलियाँ नावाचा ब्रिटनीहून आलेला साधू गुहेत राहिला, आणि पुढे अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास तिथे अखंड खडकातून चर्च कोरलं. ३८ मीटर लांब, १२ मीटर उंच. वेरूळचं कैलास पाहिलेल्याला आकाराचं अप्रूप वाटणार नाही. वरून खाली कोरण्याची ती करामतही इथे नाही. इथे विचार करायला लावतात ते खांब. चर्चच्या डोक्यावर पुढे दगडी मनोरा चढवला. चुनखडी पाणी पिते, ओली झाली की मऊ पडते, आणि खांबांना भेगा गेल्या. १९९० च्या दशकात पोलादी पट्ट्यांनी त्यांना आवळलं. आत शिरल्यावर आधी ते पोलाद दिसतं आणि थोडा विरस होतो. पण थांबून बघावं. दगड, पाणी आणि वजन यांचा आठशे वर्षांचा हिशोब तिथे उघडा पडला आहे. आत फक्त पर्यटन कार्यालयाच्या वाटाड्याबरोबरच जाता येतं, तिकीट आधी काढावं.

तळघरात ओळीनं दिसणारी ओकची पिंपं २२५ लिटरची, म्हणजे तीनशे बाटल्यांची. लाकूड पितं, हवेत उडतं, म्हणून पिंप रितं होत राहतं. ते वेळोवेळी काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर मोकळ्या जागेत हवा शिरून वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागते. साधारण तीन महिन्यांनी गाळ मागे ठेवून दुसऱ्या पिंपात काढतात. शेवटी जुन्या रीतीनं नितळ करायची तर पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. तो तुरट कण धरून तळाशी बसतो. उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं, यातून कानले ही बोर्डोची मिठाई निघाली असं तिथे सांगतात. बाहेरून मधमाशीच्या मेणानं काळसर कुरकुरीत, आतून व्हॅनिला-रमच्या वासाचं ओलसर कस्टर्ड. पीठ एक-दोन दिवस मुरावं लागतं. सकाळी घ्यावं, दुपारपर्यंत साल मऊ पडते आणि मग मजा जाते. काटेकोर शाकाहारी माणसानं मात्र वाइनबद्दलही अंड्याचा प्रश्न विचारून घ्यावा.

गोड वाइनच्या सोतेर्नला वेळ असेल तर एक दिवस द्यावा. सिराँ ही छोटी थंड नदी गारोनच्या उबदार पाण्याला मिळते, शरदात पहाटे धुकं उठतं आणि घडांवर बोट्रायटिस बुरशी धरते. ज्या करड्या बुरशीला आपण घाबरतो तीच ही. दुपारी ऊन पडलं तर ती साल सच्छिद्र करून मण्यातलं पाणी उडू देते आणि साखर उरते. ऊन पडलं नाही तर मणी नुसते सडतात. म्हणून एकाच बागेतून पाच-सहा वेळा फिरून मणी वेचतात. एका वेलीला जेमतेम पेलाभर वाइन येते. किमती पाहून डोळे फिरण्याआधी ते कष्ट आठवावेत.

भारतात परतताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. साडेसातशे मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि सोतेर्नची पावणेचारशेची एक अर्धी बाटली: एक लिटर आठशे पंचाहत्तर. यापेक्षा चांगला हिशोब मला सुचत नाही.

बोर्डोहून पश्चिमेला आर्काशाँची गाडी पन्नासेक मिनिटांची. खिडकीतून वेली संपतात आणि सुरूंसारखे सरळ पाइन सुरू होतात, थेट समुद्रापर्यंत. हे जंगल माणसानं लावलेलं आहे. पूर्वी इथे दलदल होती, मेंढपाळ लाकडी उंच पायांवर चालत, आणि किनाऱ्याची वाळू वाऱ्यानं गावांवर चालून येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाळू धरायला पाइन पेरायला सुरुवात झाली, १८५७ च्या कायद्यानं सगळा प्रदेशच लावून काढला. धरली न गेलेली वाळू पाहायची तर पिलाची टेकडी आहे: शंभर मीटरच्या वर उंच, पावणेतीन किलोमीटर लांब, दरवर्षी काही मीटर पूर्वेकडे, जंगलावर सरकते. वसंत ते शरद जिना लावलेला असतो. संध्याकाळी चढावं. दुपारी वाळू पाय भाजते आणि वारा डोळ्यांत कण मारतो. वर उभं राहिलं की एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला २०२२ च्या जुलैतल्या वणव्यानं जळालेल्या रानाचा पट्टा. एकाच जातीचं सलग रान आग किती झपाट्यानं पुढे नेतं, हे तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आर्काशाँच्या खाडीत चुना पुन्हा भेटतो. इथे कालवं पाळतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मातीची कौलं चुना आणि वाळूच्या काल्यात बुडवून, सुकवून, रचून पाण्यात ठेवतात. कालवांची तरंगती पिल्लं त्यांवर येऊन चिकटतात. पुढे ती खरवडताना चुन्याचा थर सुटतो आणि कोवळी शिंप फुटत नाही. चुना लावायचं कारण एवढंच, आणि ते १८६० च्या दशकात सुचलं. मग जाळीच्या पिशव्यांत, लोखंडी मंचांवर, भरती-ओहोटीत दोन-तीन वर्षं. पिशव्या उलटत राहावं लागतं, नाहीतर शिंपा एकमेकींत वाढून वेड्यावाकड्या होतात. शिंपेवरचा आकडा जितका मोठा, कालव तितकं लहान. पहिल्यांदा खाणाऱ्यानं चार नंबर मागावं. आर्काशाँच्या धक्क्यावरून बोटीनं अर्ध्या तासात काप फेरेला जाता येतं, तिथे एर्ब, कानों या वस्त्यांत कालववाल्यांच्या लाकडी झोपड्या आहेत. सहा कालवं, राय या धान्याचा पाव, लोणी, लिंबू, पांढऱ्या वाइनचा पेला. गरम काही मिळत नाही, कॉफीही नाही. त्यांना परवाना चाखवण्याचा आहे, हॉटेलचा नाही. उन्हाळ्यात कालव दुधाळ लागतं, थंडीत कणखर. पण फार पाऊस झाला आणि सांडपाणी खाडीत उतरलं की विक्रीच बंद होते; २०२३ च्या डिसेंबरअखेर ऐन सणात तसं झालं. बंदी असेल तर मुकाट्यानं पाव-लोणी खावं.

खाडीचं पाणी शांत, बाहेरचं अटलांटिक अजिबात नाही. कोकणात पोहलेल्यांनीही इथे धिटाई करू नये. ओहोटीला किनाऱ्यावर वाळूच्या बांधामागे निवांत डबकी दिसतात, त्यांना बाइन म्हणतात. मुलं त्यांतच शिरतात. लाटांचं पाणी त्यात भरत जातं आणि एका अरुंद तोंडातून समुद्राकडे सुटतं, माणसाला घेऊन. ओढीविरुद्ध पोहायचं नाही. दमूनच माणसं बुडतात. पाठीवर तरंगायचं, हात वर करून खूण करायची. बांधापलीकडे ओढ सैल पडते, तेव्हा लाटा जिथे फुटतात तिकडून परत यायचं. निशाणांच्या मध्येच पोहायचं, आणि रक्षक नसतील तिथे गुडघ्यापुढे जायचं नाही.

समुद्र इथे जमीनही नेतो. उत्तरेला सुलाकमध्ये १९६० च्या दशकात किनाऱ्यापासून सुमारे दोनशे मीटर आत बांधलेली 'ल सिन्याल' ही सदनिकांची इमारत २०१४ मध्ये रिकामी करावी लागली आणि २०२३ मध्ये पाडली. त्याच गावचं जुनं चर्च अठराव्या शतकात वाळूखाली गेलं होतं, एकोणिसाव्यात उकरून काढलं. एकाच गावात वाळू येते आणि वाळू जाते.

आणि खाडीच्या मुखाशी, किनाऱ्यापासून सात किलोमीटर आत, कोर्दुआँचं दीपगृह. १६११ पासून उभं, ३०१ पायऱ्या, २०२१ पासून जागतिक वारसा. शास्त्रज्ञ फ्रेनेल यांचं भिंग १८२३ मध्ये पहिल्यांदा इथे लागलं, ज्याच्या वंशातली भिंगं पुढे जगभरच्या दीपगृहांत गेली. तेही चुनखडीचंच. लाटा आणि मीठ दगड पोखरतात, कारागीर खराब झालेले दगड काढून नवे बसवत राहतात. ल व्हेर्दों किंवा रुवायाँहून एप्रिल ते ऑक्टोबर होड्या जातात, वेळ घड्याळावर नाही तर ओहोटीवर ठरते. शेवटचा तुकडा पाण्यातून चालावा लागतो: घोट्याएवढ्या, कधी गुडघ्याएवढ्या. अर्धी विजार, भिजले तरी चालतील असे पट्ट्याचे बूट, आणि मोबाइल वरच्या खिशात. तीनशे एक पायऱ्या न थांबता चढू नयेत. मधल्या मजल्यावरच्या छोट्या चर्चमध्ये बसून दम घ्यावा, दगडी फरशी पाहावी, आणि पाणी फिरायच्या आत खाली वाळूवर यावं. होडी थांबत नाही.